परक्याला शेजारी कोण करतो?

आमच्या खेड्यापाड्यांत नवखा माणूस आला की त्याला विचारावयाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "पाव्हणं, कुठलं?" आणि दुसरा, "कुणापैकी?" पहिल्याने गाव कळते, दुसऱ्याने जात कळते. ही दोन्ही कळली म्हणजे त्याला ओसरीवर बसवावयाचे की अंगणात, पाणी कोणत्या भांड्यातून द्यावयाचे आणि त्याच्याशी किती बोलावयाचे, हे सारे आम्ही मनातल्या मनात ठरवून टाकतो. परंतु एखादा माणूस असा आला की ज्याच्या गावाचे नाव आमच्या जिभेला वळत नाही आणि ज्याची जात आमच्या यादीतच नाही, तर आम्ही काय करतो? हा प्रश्न कल्पनेतला नाही. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी कोल्हापूर संस्थानातल्या एका लहानशा गावाला तो प्रत्यक्ष पडला होता. त्या गावाने आणि आसपासच्या कष्टकरी मंडळींनी त्याला जे उत्तर दिले, ते आज पुन्हा आठवण्याजोगे आहे, असे आमचे मत आहे.

ते गाव म्हणजे करवीर तालुक्यातले वळिवडे. कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, पंचगंगेच्या अंगाला ते वसलेले आहे. १९४३ साली या गावाच्या माळावर बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांत पोलंड देशातून उखडली गेलेली सुमारे पाच हजार माणसे येऊन राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. पाच वर्षे ही मंडळी तेथे राहिली आणि १९४८ साली छावणी मोडली. एवढी हकीगत आमच्या दक्षिण महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाचकांनी ऐकलेली असेल. परंतु ती सांगताना जो तो कोणत्या तरी दरबाराची किंवा सरकारची वाहवा करून थांबतो. आम्हांस जे सांगावयाचे आहे ते त्याच्या पुढचे आहे.

आधी ही माणसे कोण होती ते पाहू. १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडवर चाल केली आणि दोघांनी तो देश वाटून घेतला. पूर्वेचा मुलूख रशियाच्या हाती गेला. १० फेब्रुवारी १९४० रोजी, ऐन कडाक्याच्या थंडीत, त्या मुलखातल्या हजारो घरांची दारे ठोठावली गेली. दारात बंदूकवाले शिपाई उभे. हाताला लागेल तेवढे गाठोडे बांधा आणि चला, एवढाच हुकूम. या पहिल्या खेपेस ज्यांना उचलले त्यांत जमिनी कसणारे वसाहतवाले शेतकरी आणि जंगलखात्यात काम करणारे लोक फार होते. शेतकऱ्याला घरातून उठवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. गोठ्यात गुरे हंबरत आहेत, कणगीत दाणे आहेत, चुलीत विस्तव आहे आणि मागे वळून बघण्याची सोय नाही. मालगाडीच्या डब्यांत कोंबून या कुटुंबांना सायबेरियाच्या रानांत आणि कझाकस्तानच्या माळांवर नेऊन टाकले. अशा चार खेपा १९४१ च्या जूनपर्यंत झाल्या. तेथे लाकूडतोड, उपासमार आणि थंडी यांनी किती तरी माणसे मेली. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले आधी गेली.

पुढे २२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला मित्रांची गरज भासली. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधल्या पोलिश सरकाराशी रशियाने करार केला आणि या लोकांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या फौजेत भरती होण्यास दक्षिणेकडे निघाले, आणि त्यांच्यामागून बायका-मुलेही चालत, आगगाडीत लोंबकळत निघाली. १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखावर माणसे इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. अंगावरच्या चिंध्या उवांनी भरलेल्या, म्हणून त्या जाळल्या. डोक्याचे केस काढले. कित्येकांना इराणच्या भूमीवर पाय टेकताच टायफसने गाठले, आणि तेहरानच्या कबरस्तानात त्यांच्या कबरी आजही आहेत. जी वाचली त्यांचे काय करावयाचे, हा सवाल पुढे आला. फौज लढाईवर जाणार. बायका-मुलांना कोण घेणार? जगाच्या नकाशावर इकडे थोडी तिकडे थोडी अशी ती वाटली गेली. काही आफ्रिकेत टांगानिका आणि युगांडाकडे, काही मेक्सिकोत; १९४४ साली ७३३ मुले न्यूझीलंडला. आमच्याकडे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली जामनगरजवळ बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला, आणि पुढच्या वर्षी वळिवड्याची छावणी उभी राहिली.

आता या छावणीच्या कारभाराचे दोन शब्द. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन छत्रपती होते. जमीन संस्थानची, परवानगी हिंदुस्थान सरकारची, आणि खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारावर, अशी व्यवस्था होती. छावणीत पोलिश भाषेच्या शाळा होत्या, इस्पितळ होते, प्रार्थनामंदिर होते, नाटक करण्याची जागा होती, मुलांची स्काउट पथके होती. कुटुंबांना ठरावीक भत्ता मिळे. हे सारे चांगलेच झाले आणि ज्यांनी केले त्यांचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. परंतु आम्ही विचारतो, एवढ्याने माणसाचे परकेपण जाते काय? छप्पर मिळाले, धान्य मिळाले, औषध मिळाले. पण हे सारे तर तुरुंगातल्या कैद्यालाही मिळते. छावणीला कुंपण घालून आत पाच हजार आणि बाहेर सारा मुलूख असे पाच वर्षे ठेवता आले असते. तसे झाले असते तर ती मंडळी जिवंत राहून परत गेली असती, आणि कोल्हापूरचे नाव त्यांनी एखाद्या सरकारी कागदावरच्या ठिकाणासारखे विसरून टाकले असते. तसे झाले नाही. का झाले नाही, हाच आमच्या लेखाचा मुद्दा आहे.

परक्या मुलखात माणूस उभा राहतो तेव्हा त्याची स्थिती कशी असते ते पाहा. मिठाला येथे काय म्हणतात ते त्याला ठाऊक नाही. तो बोट दाखवतो. समोरचा हसला, तर तो आपल्याला हसला की आपल्यासाठी हसला, हे त्याला उमगत नाही. नाण्यांची किंमत नवी, मापे नवी, ऊन नवे, साप-विंचू नवे. कोणीही त्याला दुप्पट भाव लावावा आणि त्याने तो निमूटपणे द्यावा. त्याची फिर्याद ऐकणारा पाटील नाही, त्याच्या बाजूने बोलणारा भाऊबंद नाही. आमच्या अडाणी शेतकऱ्याला पूर्वी सावकाराच्या पेढीवर आणि मामलेदाराच्या कचेरीत जसे वाटे, तसेच परक्याला प्रत्येक दुकानाच्या पायरीवर वाटते. लिहिलेले वाचता येत नाही आणि बोललेले कळत नाही, म्हणून तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतो. अशा वेळी एखादा माणूस काही कारण नसताना नीट वागला, तर ती गोष्ट त्याच्या काळजावर कोरली जाते. घरी असताना जी गोष्ट त्याने दिवसातून दहा वेळा पाहिली असती आणि विसरली असती, तीच परमुलखात जन्मभर आठवते.

वळिवड्यास अशी वागणूक देणारे कोण होते? छावणीच्या बाजारात माल घेऊन बसणारे आणि बराकींच्या दारोदार पाटी घेऊन फिरणारे भाजीवाले, फळवाले, अंडीवाले. आसपासच्या शेतांत राबणारी आणि येता-जाता भेटणारी माणसे. या फेरीवाल्यांनी थोड्याच दिवसांत पोलिश भाषेचे शब्द उचलले आणि ते त्या भाषेत आपल्या मालाचा पुकारा करू लागले, असे तेथे राहिलेल्या मंडळींच्या आठवणींत येते. वाचकांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. ज्या माणसाने कधी शाळेची पायरी चढली नव्हती, ज्याला आपल्या सातबाऱ्यावरचे नाव वाचता येत नव्हते, तो युरोपातली एक अवघड भाषा पाटी डोक्यावर घेऊन शिकला. विद्या ही काही मोजक्या घराण्यांची मिरास आहे असे सांगणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते? आणि ज्या बाईने तीन वर्षे आपली भाषा फक्त आपल्याच दुःखी माणसांच्या तोंडून ऐकली होती, तिच्या दारात एक काळा-सावळा मनुष्य येऊन तिच्या बोलीत कांद्याचा भाव सांगतो, तेव्हा तिला काय वाटले असेल? एक शब्द चुकीचा, दुसरा वाकडा, पण आपला! ज्याने परक्याची भाषा चार शब्द का होईना शिकण्याची तसदी घेतली, त्याने त्याला सांगितले की, तू येथे आहेस हे मी ध्यानात घेतले आहे.

यावर कोणी शहाणा म्हणेल, "अहो, यात माणुसकी कसली? तो धंदा होता. पाच हजार गिऱ्हाइके आयती दारात आली, भत्ता रोख मिळे, मग पोलिशच काय, चिनी भाषासुद्धा शिकले असते!" हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. धंदा होताच. त्या माणसांना पोट होते, आणि कष्ट करून चार पैसे मिळवणे यात लाज कसली? पण धंदा दोन तऱ्हांनी करता येतो. ज्याला भाव ठाऊक नाही त्याला लुबाडून एकदाच गबर होता येते, किंवा वाजवी भाव घेऊन रोज त्याच दारात जाता येते. जो रोज त्याच दारात जातो त्याला त्या घरातले मूल आजारी आहे हे कळते. मुलाची आई कालपासून रडते आहे, कारण फौजेतून पत्र आलेले नाही, हेही कळते. मग तो भाजी मोजताना एक मूठ जास्त टाकतो. शेतकरी-कारागिरांची माणुसकी ही अशीच असते. ती व्याख्यानातून येत नाही. मापातून, वजनातून, टाक्यातून येते. चांभाराने परक्याची चप्पल नीट शिवली, शिंप्याने कापड चोरले नाही, गवळ्याने दुधात पाणी घातले नाही, की परक्याला तो मुलूख अर्धा आपला वाटू लागतो. प्रामाणिक व्यवहार ही मैत्रीची पहिली पायरी आहे. ज्यांना ती कमी दर्जाची वाटते त्यांनी स्वतः कधी परमुलखात भाजी विकत घेतलेली नसावी.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे आणि तो आम्ही स्वतःच घेतो. ही माणसे गोरी होती. त्या काळी हिंदुस्थानावर गोऱ्यांचे राज्य होते. गोऱ्या कातडीपुढे वाकण्याची सवय आमच्या अंगात दीडशे वर्षे मुरवली गेली होती. तेव्हा वळिवड्याचा पाहुणचार हा माणुसकीचा की सवयीचा? याचे खरे उत्तर असे की, थोडा याचा आणि थोडा त्याचा असणार. गोरेपणाने वाट सोपी केली नसेल असे आम्ही म्हणणार नाही. पण एक गोष्ट विसरता कामा नये. आमच्या लोकांनी तोवर पाहिलेला गोरा म्हणजे घोड्यावरचा साहेब, बंगल्यातला कलेक्टर, हुकूम सोडणारा. वळिवड्यास त्यांनी पहिल्यांदा असा गोरा पाहिला की जो हुकूम करीत नव्हता, भाव करीत होता. भत्त्याचे पैसे मोजून मोजून खर्च करणारी, मुलासाठी अंडी घेताना दोनदा विचार करणारी, नवरा कुठल्या आघाडीवर आहे हे ठाऊक नसलेली बाई त्यांनी पाहिली. आणि ती पाहिल्यावर त्यांना साहेब आठवला नसेल, स्वतःच्या घरातली विधवा बहीण आठवली असेल. गरिबी ही अशी भाषा आहे की जिला दुभाषा लागत नाही.

शिवाय या छावणीची कथा १९४८ साली संपली नाही. महायुद्ध संपले तेव्हा पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकली होती. या लोकांची गावे रशियातच राहिली. जुलै १९४५ मध्ये इंग्रजांनी लंडनमधल्या पोलिश सरकाराची मान्यता काढून घेतली, म्हणजे ज्यांच्या नावाने हे लोक राहात होते ते सरकारच उरले नाही. थोडे लोक नव्या पोलंडात परतले. पुष्कळसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका इकडे पांगले. काही मुलींनी येथल्या तरुणांशी लग्ने करून येथेच संसार मांडले. आणि त्या रिकाम्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध प्रांतातून घरदार टाकून आलेली कुटुंबे तेथे वसवली गेली. तेच आजचे गांधीनगर, जेथल्या कापडाच्या पेठेत दक्षिण महाराष्ट्रातले लग्नाचे बस्ते बांधले जातात. हे लोक गोरे नव्हते, त्यांना लंडनहून भत्ता येत नव्हता, आणि मराठी त्यांनाही येत नव्हते. त्याच माळाने पाच वर्षांत दुसऱ्यांदा परकी माणसे पोटात घेतली. दुकान मांडून, घाम गाळून ती माणसे येथली झाली, आणि आज त्यांची नातवंडे आमच्याच बोलीत भाव करतात. तेव्हा सारी करामत गोऱ्या कातडीची होती असे म्हणून या लोकांचे श्रेय कोणास हिरावून घेता येणार नाही.

आता उलट बाजूनेही पाहू. कारण परका होण्याची पाळी आमच्यावरही आलेली आहे. वळिवड्यात या बायका राहात होत्या त्याच काळात आमच्या शेतकऱ्यांची पोरे इटलीच्या डोंगरांत लढत होती. १९४४ च्या मे महिन्यात माँटे कॅसिनोच्या लढाईत पोलिश फौजेने १८ तारखेला तेथला मठ घेतला. त्याच लढाईत खालच्या बाजूने नदी ओलांडणाऱ्या आठव्या हिंदी डिव्हिजनीत मराठा पलटणही होती. म्हणजे वळिवड्यातल्या कोणाचा बाप आणि कोल्हापूर-साताऱ्याकडच्या कोणाचा मुलगा एकाच रणांगणावर होते, आणि इकडे त्या दोघांची घरे एकमेकांपासून चार कोसांवर असतील! कोकणातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि २०२३ साली तेथल्या माँटोने नावाच्या गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. ज्या गावाने त्यांची भाषा कधी ऐकली नाही त्या गावाने ऐंशी वर्षांनी त्यांचे नाव दगडावर कोरले.

याहून मोठी गोष्ट आहे ती इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांची. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवली तेव्हा कैदखान्यांतून दोस्तांचे शिपाई निसटले. त्यांत हिंदी शिपाईही होते. जर्मन फौज त्यांच्या मागावर होती, आणि अशा कैद्याला आसरा देणाऱ्यास देहदंड अशी दवंडी होती. तरीही डोंगरातल्या कुणब्यांनी त्यांना गोठ्यांत, गवताच्या गंजीत लपवले आणि आपल्या ताटातली अर्धी भाकर दिली. शिपायाला इटालियन येत नव्हते, शेतकऱ्याला हिंदुस्थान कुठे आहे ते ठाऊक नव्हते. तेथे कोणता धंदा होता? कोणती गोरी कातडी होती? उलट काळ्या कातडीमुळे तो शिपाई लगेच ओळखू येई आणि धोका दुप्पट होई. ज्याने स्वतःच्या हाताने नांगर धरला आहे तो दुसऱ्याच्या हातावरचे घट्टे ओळखतो, एवढेच याचे कारण आम्हांस दिसते.

सारांश काय? आसरा देणे हे राज्याचे काम आहे आणि ते राज्याने करावेच. पण परकेपण घालवणे हे राज्याला जमत नाही. ते काम दारातला, बाजारातला, शेताच्या बांधावरचा माणूस करतो, आणि त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात राहात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये, छावणीत बालपण काढलेली काही वृद्ध पोलिश माणसे पुन्हा वळिवड्यास आली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, कोल्हापूरच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिले. कोल्हापुरातही त्या लोकांच्या कबरी आहेत आणि महावीर उद्यानात स्मारक आहे. सत्तर वर्षांनी, काठी टेकीत, सात समुद्र ओलांडून माणूस कशासाठी येतो? धान्याचे रेशन वेळेवर मिळत होते म्हणून कोणी येत नाही. आपल्याला कोणी तरी माणूस म्हणून पाहिले होते, ती जागा पुन्हा बघावी म्हणून येतो.

एवढे सारे सांगितल्यावर आम्ही आमच्या वाचकांस एक रोखठोक प्रश्न विचारतो. आज आपल्या शिवारात परका कोण आहे? दिवाळी झाली की बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मोजलेली ही माणसे पाच-सहा महिने गावाच्या कडेला कोप्यांत राहतात. ती आपलीच भाषा बोलतात, आपलेच देव पूजतात, आपल्याच उसाला हात लावतात. त्यांच्या जोरावर आपले बिल निघते. पण त्यांतल्या एका तरी बाईचे नाव आपल्या घरात कोणाला ठाऊक असते काय? तिचे मूल उसाच्या पाचटात खेळते, तेव्हा ते कोणत्या इयत्तेत होते हे कोणी विचारतो काय? किराणा दुकानात तिला कोणता भाव लागतो? वस्तीवरच्या नळाला तिच्या घागरीचा नंबर कितवा लागतो? आमच्या आजोबांनी पोलंडच्या बाईशी बोलण्यासाठी पोलिश शब्द शिकले, आणि आम्हांला बीडच्या बाईशी मराठीत बोलण्यास वेळ नाही! दूर देशच्या परक्याला जवळ करणे सोपे असते, कारण तो आपल्याकडे हक्क मागत नाही. जवळच्या परक्याला जवळ करणे अवघड, कारण त्याच्याशी हिशेब असतो. हीच कसोटी आहे आणि तिला आपण उतरलो पाहिजे.

हेच बिहार-उत्तर प्रदेशातून येऊन आपल्या घरांना गिलावा करणाऱ्या गवंड्याचे आणि सुताराचे. आपली कोकणातली पोरे अरबांच्या मुलखात जाऊन तेच काम करतात. तेथे कोणी त्यांना नावाने हाक मारली, आजारपणात पेज करून दिली, तर घरी पत्रात आणि आता टेलिफोनवर ती गोष्ट आधी सांगतात, पगाराची मागून. मग येथे आलेल्याने आपल्या आईला टेलिफोनवर काय सांगावे, हे ठरवणे आपल्याच हाती नाही काय?

आम्ही कोणाला दानधर्म करण्यास सांगत नाही. त्यासाठी ठराव नको, फंड नको, अध्यक्ष नको. माप बरोबर द्या. मजुरी ठरली तेवढी आणि ठरल्या दिवशी द्या. परक्याच्या मुलाला गावच्या शाळेत बसू द्या, आणि मास्तरांनी नाही म्हटले तर चार जणांनी मिळून जाऊन विचारा. पाण्यावर त्याची पाळी असेल ती त्याला मिळू द्या. "कुठलं?" हा प्रश्न अवश्य विचारा, कारण त्यात आपुलकी आहे. "कुणापैकी?" हा मात्र गिळून टाका आणि त्याच्या जागी "नाव काय?" असे विचारा.

आणि वळिवडे, गांधीनगर, उचगाव, चिंचवाड या बाजूच्या आमच्या वाचकांस एक विनंती. आपल्या घरात आजा-आजीने छावणीत भाजी विकल्याची, दूध घातल्याची, कपडे शिवल्याची आठवण सांगितली असेल तर ती वहीत उतरवून ठेवा. मालाचा भाव काय होता, पोलिश शब्द कोणते ठाऊक होते, कोणत्या बाईने जाताना काय देऊन ठेवले, सारे लिहा. छावणीत जी मुले होती ती आता नव्वदीला टेकली आहेत. मोठ्यांची नावे शिलालेखावर आलीच आहेत. पाटीवाल्याचे नाव आपण लिहिले नाही तर ते कोणी लिहिणार नाही. हे काम पावसाळा संपण्याच्या आत करावे. कारण पुढे हंगाम सुरू होईल, शिवाराच्या कडेला नव्या कोप्या उभ्या राहतील, आणि मग आपल्याला दुसरे काम असेल.